‘किती गोल्ड मिळालं बे?’

पत्राचा सारांश: पत्रलेखक अठ्ठावीस वर्षांचा आहे. सोलापूरच्या पूर्व भागात राहतो, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. घरात तेलुगू, बाहेर मराठी. डिप्लोमाच्या दिवसांपासूनचं पाच जणांचं टोळकं आता पुणे, नाशिक, बंगळुरू असं पांगलंय, तरी रोज रात्री अकराच्या सुमाराला हेडफोन लावून सगळे एकत्र येतात. रोल-प्लेइंग गेम, म्हणजे एखादं पात्र होऊन खेळायचे व्हिडिओ गेम, हा सगळ्यांचा जीव की प्राण: एल्डन रिंग, विचर, बाल्डर्स गेट. खेळ कमी, एकमेकांची खेचणं जास्त. त्यातच मधूनमधून नोकरी, घरभाडं, लग्न. एकाची नोकरी गेली तेव्हासुद्धा सगळे आठवडाभर त्यावर हसत होते, इतकं हे टोळकं बिनधास्त.

गेल्या महिन्यात वडिलांनी घराखालच्या कारखान्यातले चारही लूम (यंत्रमाग) भंगारात विकले. मागावर आडवं सूत नेणारे दोन धोटे तेवढे ठेवून घेतले. त्या रात्री याने ग्रुपवर लिहिलं, ‘रेस्ट इन पीस, चार लूम, १९९६ ते २०२५’, आणि पुढे हसून हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा टाकला. उत्तरं आली, सगळी खेळाच्या भाषेत (गोल्ड म्हणजे खेळातले पैसे, मर्चंट म्हणजे तिथला दुकानदार): ‘किती गोल्ड मिळालं बे?’ ‘मर्चंट कधी पूर्ण भाव देतो का लेका!’ पाच मिनिटांत गाडी परत खेळातल्या कुठल्याशा बॉसवर, म्हणजे हरवायला कठीण अशा मोठ्या शत्रूवर. तेव्हापासून हा रात्री जात नाही. त्यांतल्या एकाने खासगीत ‘काय बे, येईना झालास’ असं विचारलं, त्याला ‘काम आहे’ सांगून टाकलं. वडील गप्प गप्प असतात. मुलगा रात्री पैसे लावून काहीतरी खेळतो असा त्यांचा पक्का समज आहे. घरात स्थळं बघणं सुरू आहे, बायोडाटात छंद ‘वाचन’ असा लिहिलाय. प्रश्न असा: ‘ताई, ही मैत्री आहे की नुसता टाइमपास? ग्रुप सोडू का? आणि हे सगळं बंद करायचं वय झालंय का माझं?’

---

मी स्वतः हे खेळ खेळते, त्यामुळे बॉस म्हणजे ऑफिसातला साहेब नव्हे, इथपासून मला समजवावं लागणार नाही. आणि खरं सांगायचं तर ‘मर्चंट कधी पूर्ण भाव देतो का’ वाचून मला आधी हसू आलं, मग तुझ्यासाठी वाईट वाटलं. तुझ्या मित्रांचंही याच क्रमाने झालं असणार. दुसऱ्या पायरीवर ते पोचले की नाही हे तुला कळायला मार्ग नव्हता, कारण तोवर तू हेडफोन काढून ठेवला होतास.

तुझं पत्र नीट वाच एकदा. मित्रांनी काय लिहिलं ते तू अवतरणात दिलंस, आणि बरं झालं, स्वतः काय लिहिलंस तेही दिलंस. ‘रेस्ट इन पीस, चार लूम.’ वर हसणारा चेहरा. म्हणजे पहिला विनोद तुझा. तू दुःख विनोदात गुंडाळून त्यांच्या हातात दिलंस आणि त्यांनी वरचा कागद बघून दाद दिली. मी त्यांची वकिली करत नाही. चौघांतल्या एकाला तरी थांबून ‘काय झालं रे नेमकं’ विचारता आलं असतं. पण नाशिकच्या पोराला लूम म्हणजे काय माहीत असणार? त्याच्या लेखी जुनी मशीन विकली, विषय संपला. घराखालचा कारखाना, चालू असला की वरच्या मजल्यावर ताटातली वाटी थरथरते, दिवाळीला पाच दिवस बंद राहिला की घरातल्यांना शांततेनेच झोप येत नाही, हे पूर्व भागात वाढलेल्यालाच माहीत. तू त्यांना यातलं कधी काही सांगितलंयस? पत्रावरून तसं वाटत नाही. कोणाचा बिल्ड (पात्राची घडण) काय आणि कोण कुठल्या बॉसपाशी अडकलाय हे तुम्हा पाचांना एकमेकांचं तोंडपाठ आहे. कोणाच्या घरी काय चालतं, याचा मात्र सगळाच अंदाजपंचे कारभार.

आता तुझ्याच खेळातली गोष्ट घे. बाल्डर्स गेट ३ मध्ये चौघं जण रस्त्याने चालत असतात तेव्हा आपापसात बोलतात. काय बोलतात? टोमणे, चेष्टा, एकमेकांच्या खोड्या काढणं. मागे राक्षस, पुढे सापळा, तरी यांचं चालूच. पण त्यांतल्या कोणाच्या मनात काय खदखदतंय ते रस्त्यावर कळत नाही. त्यासाठी रात्री कॅम्पवर जायचं, एकेकाजवळ जायचं आणि आपण होऊन बोलणं काढायचं. जे खेळाडू घाईघाईत पुढे पळतात, लाँग रेस्ट, म्हणजे कॅम्पवरचा रात्रीचा मुक्काम, घेतच नाहीत, त्यांचे असे कितीतरी प्रसंग हुकतात आणि मग शेवटी ते तक्रार करतात की अमक्या पात्राला काही खोलीच नाही. तू कॅम्पवरचं बोलणं रस्त्यावर बोललास. पाच जणांच्या हेडफोनमध्ये, एकाची लढाई चालू, दुसरा जेवतोय, तिसऱ्याची बायको मागून काहीतरी विचारतेय. तिथे त्या वाक्याचं जे व्हायचं तेच झालं.

याचा अर्थ रस्त्यावरचं बोलणं फुकट, असं मात्र समजू नकोस. ‘मैत्री की टाइमपास’ या तुझ्या प्रश्नात एक गोष्ट तू गृहीत धरली आहेस: गंभीर बोलतो तो मित्र, चेष्टा करतो तो नुसता सोबती. मला हे पटत नाही. पुरुषांच्या टोळक्यात तर अजिबातच नाही. आपल्याकडे पार्क चौकात चहाच्या गाडीवर उभे असलेले चार जण बघ. तासभर एकमेकांची आई-बहीण काढतील, पण त्यांतल्या एकाचा बाप दवाखान्यात आहे म्हटल्यावर उरलेले तिघं रात्री डबा घेऊन हजर. चेष्टा हा त्यांचा हजेरीपट आहे. रोज रात्री अकराला पाच जण न सांगता येतात, एक नसला की कोणीतरी ‘येईना झालास’ म्हणून विचारतो, हे टाइमपासमध्ये होत नाही. टाइमपासमध्ये कोण आलं, कोण नाही, याचं कोणाला काही नसतं.

शिवाय एल्डन रिंग खेळतोस म्हणजे तुला ठाऊक आहे की तिथे दुसऱ्यासाठी जमिनीवर संदेश लिहून ठेवता येतो, पण स्वतःच्या शब्दांत नाही. ठरलेले साचे, ठरलेले शब्द, त्यांतूनच जुळवायचं. म्हणून तर लोक कासव दिसलं की तिथे ‘कुत्रा’ लिहून ठेवतात आणि जगभरातली माणसं त्यावर वर्षानुवर्षं हसतात. पण त्याच मोजक्या शब्दांत कोणीतरी पुढच्या खड्ड्याची सूचनाही देऊन जातो. आणि आपला संदेश कोणाला आवडला की लांब कुठेतरी लढत असलेल्या आपल्या पात्राची हेल्थ तेवढ्यापुरती भरते. तुमच्या ग्रुपची भाषा अशीच साच्यातली झालीय. गोल्ड, मर्चंट, लेव्हल, रिस्पेक (पात्राची घडण नव्याने करणं). तुझ्या लूमच्या बातमीला त्यांना त्याच साच्यातून उत्तर जुळवता आलं. साच्याबाहेरचं बोलायला कोणीतरी सुरुवात करावी लागते, आणि ज्याला गरज आहे त्यानेच ती करावी हे अन्यायाचं आहे, पण बहुतेक वेळा तसंच होतं.

आता जरा टोचेल असं. तुझ्या पत्रात एक ओळ आहे: एकाची नोकरी गेली तेव्हा सगळे आठवडाभर हसत होतो. ही ओळ तू ग्रुप किती बिनधास्त आहे हे सांगायला लिहिलीस. त्या हसण्यात तू होतास ना? बहुधा ‘पार्टीतून काढलं बे तुला’ (पार्टी म्हणजे खेळातला चमू) असलं काहीतरी तूही म्हणाला असशील. त्या मुलाने तेव्हा नंतर कोणाला फोन केला होता का, त्याचे हप्ते कसे भागले, रात्री त्याला झोप लागत होती का, तुला माहीत आहे? मी दोष देत नाही. पण तुला आज जे लागलं ते त्यालाही लागलेलं असू शकतं आणि तरी तो रोज अकराला येत राहिला. मला तर वाटतं, तुला सगळ्यात आधी बोलायला हाच माणूस योग्य आहे. ‘येईना झालास’ विचारणारा तोच असेल तर प्रश्नच मिटला.

कसं बोलायचं? ग्रुपवर लांबलचक लिहू नकोस. ‘तुम्हा लोकांना काही पडलेली नाही’ छापाचा मजकूर रात्री पाठवला की सकाळी आपल्यालाच लाज वाटते, आणि समोरचे चौघं एकमेकांकडे बघत बसतात की आता उत्तर कोणी द्यायचं. एकालाच, खासगीत, सरळ लिही: ‘काम नव्हतं बे. लूम विकल्याचं मला फार लागलंय. उद्या जेवणाच्या सुट्टीत फोन करू का? दहा मिनिटं ऐकून घे, उपाय सांगू नकोस.’ एवढंच. फोन दिवसा कर आणि साधा फोन कर. रात्रीच्या व्हॉइस चॅनलवर बोलायला गेलास तर बोलता बोलता कोणीतरी आत येईल आणि तुझी जीभ आपोआप जुन्या सुरात जाईल. शेवटची तीन शब्दांची सूचना मुद्दाम घातली आहे. इंजिनिअरिंगवाल्या मित्रांना दुःख सांगितलं की ते सबसिडीच्या योजना सांगायला लागतात.

असं स्वच्छ सांगूनही समोरून विनोदच आला, तर मात्र ते तुझ्या मनाचे खेळ नाहीत. मग त्या माणसाला मित्र न धरता खेळगडी धर. खेळगडी ठेवायला काही हरकत नाही. त्याच्याकडून फक्त खेळाचीच अपेक्षा ठेवायची. पण हा निकाल अजून लागलेला नाही. त्यामुळे ग्रुप आत्ता सोडू नकोस. नोटिफिकेशन बंद ठेव, हवं तर आठवडाभर जाऊ नकोस, पण दार लावून घेऊ नकोस.

मॅट्स स्टीन नावाच्या नॉर्वेच्या तरुणाबद्दल तू कदाचित वाचलं असशील. स्नायूंच्या दुर्धर आजारामुळे चाकाच्या खुर्चीत होता आणि वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट खेळण्यात त्याची वर्षं गेली. २०१४ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी तो गेला. आईवडिलांना वाटायचं पोराला मित्र मिळालेच नाहीत; त्यांनी त्याच्या ब्लॉगवर बातमी टाकली आणि युरोपभरातून पत्रांचा ओघ सुरू झाला. खेळातले काही मित्र अंत्यविधीलाही आले. ही गोष्ट सगळे सांगतात ती डोळे पुसत. मला त्यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो: आपल्या आजाराबद्दल त्याने त्या मित्रांना खूप काळ काही कळू दिलं नव्हतं. माणसं जिव्हाळ्याची होती, पण त्याने सांगेपर्यंत त्यांना कळणार तरी कसं?

असल्या ग्रुपमध्ये असणाऱ्या बाकीच्या वाचकांसाठीही एक सांगते, कारण दुखावलेल्यांची पत्रं येतात, विनोद करणाऱ्यांची येत नाहीत. कोणी हसत हसत काहीतरी मोठं टाकलं (नोकरी, आजारपण, मोडलेलं लग्न, विकलेलं घर) तर विनोद करायचाय तर करा, त्याने आभाळ कोसळत नाही. फक्त नंतर खासगीत एक ओळ टाका: ‘तू ठीक आहेस ना?’ आणि कोणाचे विनोद सारखे ‘आपला तर गेम ओव्हर’, ‘आता रिस्पॉन नको’ (रिस्पॉन म्हणजे खेळात मेल्यावर परत जिवंत होणं) अशा वळणावर जायला लागले, तर तो साचा म्हणून सोडून देऊ नका, सरळ फोन करून विचारा. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास मोफत आहे, मराठीतून बोलता येतं, आणि मित्राच्या काळजीपोटी आपण स्वतःही फोन करू शकतो.

आता वडील. तुझ्या पत्रातलं ‘दोन धोटे तेवढे ठेवून घेतले’ हे वाक्य मला जास्त लागलं, आणि तू ते पुढच्या वाक्याच्या घाईत लिहून टाकलंस. लूम तुझ्या डोळ्यांदेखत गेले, पण ते चालवले त्यांनी. त्यांच्याकडे कोण विचारतंय? शेजारच्या मागवाल्यांचेही लूम उतरत असतील, त्यामुळे गल्लीत हा विषय कोणी काढत नसणार. सगळ्यांचीच दुखरी नस. तू काढ. सांत्वन नको, माहिती विचार. पहिला लूम कोणाकडून घेतला, चादर काढायचे की टॉवेल, कोणत्या रंगाला गिऱ्हाईक असायचं, रात्रपाळीला कोण असायचं. आयुष्यभर मागावर काम केलेल्या माणसांना बऱ्याचदा ऐकू कमी येतं, तेव्हा शेजारी बसून, तोंडाकडे बघून, जरा मोठ्याने बोल. गप्प असतात म्हणतोस त्यांतलं थोडं कानाचंही असू शकेल. कानाच्या डॉक्टरला एकदा दाखवून घे.

आणि त्यांचा पैशांचा संशय लगेच मिटव. तो अगदीच बिनबुडाचा नाही. रमी आणि सट्ट्याच्या ॲपनी आपल्या गावातही घरं पोखरली आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला तो उगाच नाही. त्यांनी बातमी ऐकली असेल ‘गेम’वर बंदी, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर तूच आला असशील. तुझा खेळ एकदा विकत घेतला की झालं, त्यात पैज नाही, हे तोंडाने सांगून पटणार नाही. बँकेचं पासबुक दाखव. मग स्क्रीनसमोर बसव एकदा. विचरमध्ये तो बाजार, ते विणकाम केलेले कपडे, घोडा झाडात अडकलेला. हसतील. नाही हसले तर नाही, पण मुलगा जुगार खेळत नाही एवढं तरी डोक्यातून जाईल.

वयाचं म्हणशील तर हे खेळ सोडायचं वय कुठेही लिहिलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ‘गेमिंग डिसऑर्डर’ हा आजार मानला आहे, २०२२ पासून तो त्यांच्या रोगसूचीत लागू आहे, पण त्याची लक्षणं वेगळी आहेत: खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळ मोठा होत जाणं, नुकसान दिसत असूनही थांबता न येणं, आणि हे साधारण वर्षभर चालणं. तू महिनाभर न खेळता राहिलास, नोकरीवर वेळेवर जातोस. तुझं दुखणं खेळाचं नाही. अकराऐवजी दहाला बसा आणि बाराला उठा, एवढी सुधारणा मात्र पाचही जणांनी करायला हवी.

जानेवारीत आपल्या सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा आहेच. टोळक्याला बोलाव. पुण्यातला तर हुतात्मा एक्सप्रेसने चार तासांत येतो, त्याला सबब नाही. मिरवणुकीतले सातही नंदीध्वज दाखव, अक्षता सोहळ्याला गर्दीत उभं कर, रात्री होम मैदानावर पाळण्यात बसवून ओरडायला लाव. पण त्याआधी दुपारी घरी जेवायला ने, कडक भाकरी आणि शेंगाचटणी वाढ, आणि खालचं कारखान्याचं शटर उघडून आत ने. रिकाम्या जमिनीवर लूमच्या पायांचे बोल्ट आणि तेलाचे डाग अजून असतील. तिथे काही समजावून सांगत बसू नकोस. वडिलांना म्हण, यांना दाखवा लूम कुठे कुठे होते. पुढचं ते बघतील.

राहिला बायोडाटा. ‘छंद: वाचन’ लिहिल्याबद्दल तुला अपराधी वाटतंय, तर तसं वाटून घेऊ नकोस. डिस्को एलिझियमसारख्या एका खेळात दहा लाखांहून जास्त शब्द आहेत. तेवढं वाचणारे नवरे मॅरेज ब्युरोत फार नसतात. शिवाय बायोडाटा मुलगी वाचत नाही, तिचा मामा वाचतो. त्याच्यासाठी ‘वाचन’ राहू दे. पण मुलीशी पहिल्यांदा एकटं बोलायला मिळेल तेव्हा आपण होऊन सांग की रात्री दोन तास मी मित्रांबरोबर खेळतो, पैसे लावत नाही, आणि लग्नानंतर हे दोन तास रोजचे राहणार नाहीत, पण आठवड्यातून दोनदा तरी लागतील. आत्ता हिशेबात धर, नंतर भांडण नको. ती नाक मुरडेल, किंवा विचारेल ‘म्हणजे नेमकं काय करता?’ विचारलंच तर लूमपासून सुरुवात कर, खेळाकडे सावकाश ये. आणि तीही खेळणारी निघाली, तर आधी खेळातला तिचा क्लास (योद्धा की जादूगार) विचार, मगच पत्रिका जुळवायला दे.